तिन्ही व्याह्यांचे परीक्षक

आमच्या ऑफिसात कोणी नवीन काम दाखवायला बसलं की तपासणीला ठेवलेले आमचे परीक्षक आधी पडद्यावरच्या चौकटीचा कोपरा माउसने पकडायचे आणि प्रोग्रॅम चालू असतानाच ती आत ढकलत न्यायचे. अर्धी, पाव, शेवटी दोन बोटांएवढी. दाखवणारा "अहो, अहो" करत राहायचा, ओळी एकमेकींवर चढायच्या, आणि परीक्षक खुर्चीत मागे रेलून म्हणायचे, "गिऱ्हाइकाला हात आहेत. ते असले चाळे करणारच."

मुलाखतीलाही त्यांनी हेच केलं. मी त्यांना तपासायला बोलावलं होतं आणि ते माझा प्रोग्रॅम मोडून उठले. मी पगाराचा आकडा सांगितला, तर "ठीक आहे, सोमवारी येतो" म्हणाले. मला ते लागलं. घाटकोपरला जुने कॉम्प्युटर विकायच्या एका गाळ्यापासून अंधेरीच्या या ऑफिसपर्यंत मी घासाघीस करत आले आहे. माझं अर्धं आयुष्य "जमत नाही हो" आणि "बरं, घेऊन जा" यांच्या मधल्या जागेत गेलंय. पहिल्या आकड्याला हो म्हणणारा माणूस मला एक तर मूर्ख वाटतो, नाही तर शिष्ट. परीक्षक पार्ल्याचे होते. मी शिष्ट धरून चालले.

आमचा प्रोग्रॅम नेमकं काय करतो हे माझ्या आईला मी कधी समजावू शकले नव्हते. दसऱ्याच्या पूजेला ती ऑफिसात आली होती, तेव्हा परीक्षक तिच्यासमोर खुर्ची ओढून बसले.

"आई, मुलगी बघायला पाहुणे आले की घर कसं वागतं?"

"शहाण्यासारखा."

"आणि कोणी नसलं की?"

आई हसली. परीक्षक म्हणाले, "कॉम्प्युटरच्या आतल्या प्रोग्रॅमांचंही तसंच. समोर माणूस बसलाय असं वाटलं की रंगीत अक्षरं काय, 'नक्की पुसू ना?' अशी विचारपूस काय! कोणी नाही म्हटलं की कोरडं काम. आता समजा माणूस मुलुंडला आणि कॉम्प्युटर बोरिवलीला. तिथे समोर कोणीच नाही. मग आमचा प्रोग्रॅम तिथे खोटा पाहुणा होऊन बसतो."

"म्हणजे तुम्ही फसवतास!"

"फसवतो. आणि नीट फसवतोय ना, ते बघायचा मला पगार मिळतो."

त्यांच्या टेबलावर तीन कॉम्प्युटर शेजारी शेजारी असत. एकावर लिनक्स, एकावर मॅक, एकावर विंडोज. त्यांना ते व्याही म्हणायचे. खोटा पाहुणा बसवायची पद्धत तिघांची वेगळी. चौकट लहान झाली, हे एकाला एका वाटेनं कळवायचं, दुसऱ्याला दुसऱ्या वाटेनं. एकाकडे सुरळीत झालेलं काम दुसऱ्याकडे अडायचं. परीक्षक तिघांसमोर तेच ते करायचे. पासवर्ड मुद्दाम चुकवायचे, काम अर्ध्यावर तोडायचे, आणि मग देवनागरीत एकच शब्द लिहायचे. ज्योत्स्ना.

आमची पोरं त्यावरून त्यांची खेचायची. "सर, दिवसातून किती वेळा आठवण येते वहिनींची?"

"अरे गाढवा, या नावात जोडाक्षर बघ कसलं आहे. लहान चौकटीत ते मावत नाही, कर्सर भलतीकडे जाऊन उभा राहतो. सीमाशी लग्न केलं असतं तर ही चूक तुम्हाला जन्मात सापडली नसती."

मुलुंडच्या एका पॅथॉलॉजीवाल्यांचं काम तेव्हा माझ्या हाताशी आलं होतं. उपनगरभर त्यांच्या शाखा होत्या. दोन महिने मी त्यांच्या मोठ्या साहेबांशी घासत होते आणि सहीच्या दिवशी परीक्षकांना बरोबर घेऊन गेले, कारण पिकलेले केस बघून गिऱ्हाईक शांत होतं. सगळं झकास चाललं होतं. साहेबांनी पेन काढलं आणि सहज विचारलं, "मॅकवर पण चालतं ना? आमच्या डॉक्टरांकडे मॅकच आहेत."

"चालतं," मी म्हटलं.

"चालतं," परीक्षक म्हणाले, "पण काम संपता संपता शेवटच्या एक-दोन ओळी गळतात. नेहमी नाही. कधीतरी."

"एक-दोन ओळींनी काय होतं?"

"त्या ओळीत 'बॅकअप झाला नाही' असं लिहिलेलं असेल तर तुम्हाला ते दिसणार नाही."

साहेबांनी पेन खिशात ठेवलं. काम दुसऱ्या कोणाला तरी गेलं.

खाली पार्किंगमध्ये मी त्यांच्यावर इतकी ओरडले की वॉचमन उठून उभा राहिला. "मला आधी सांगता येत नव्हतं?"

"आज सकाळी एकदाच दिसलं, सावंतबाई. खात्री नव्हती. खात्री नसताना मी बोलत नाही."

"मग त्यांच्यासमोर कशी झाली खात्री?"

या प्रश्नाचं उत्तर त्यांनी मला कधीच दिलं नाही आणि तो राग माझ्या मनातून आजही गेलेला नाही. खरं बोलू नका असं माझं म्हणणं नव्हतंच. सकाळी मला बाजूला घेऊन सांगायचं होतं, मी तारीख पुढे ढकलून घेतली असती. तेवढं मला जमतं.

त्यानंतर चार दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. शुक्रवारी ते माझ्या केबिनमध्ये आले. "सावंतबाई, मला आता मोकळं करा."

मी काही बोलले नाही. आमच्या धंद्यात समोरच्यानं आकडा टाकला की गप्प बसायचं असतं. जो आधी तोंड उघडतो तो उतरतो. मी त्यांच्याकडे बघत बसले. ते पंख्याकडे बघत होते, मग काचेपलीकडच्या आपल्या टेबलाकडे. बराच वेळ गेला. "बरं, येतो मग," म्हणाले आणि डबा उचलून गेले. मला वाटलं, जिंकले. सोमवारी फोन येईल, दोन अटी घालतील, एक मी मान्य करीन.

फोन आला नाही. मीही केला नाही. नवीन पोरांनी सगळी तपासणी आपोआप चालेल अशी केली. आता तिन्ही व्याह्यांसमोर हिरव्या खुणा उमटत जातात आणि टेबलाशी कोणी नसतं. काम थांबलं नाही, नुकसान झालं नाही. माझं काही चुकलं असं कोणी म्हणणार नाही. तरी त्या खुर्चीवर कोणी बॅग ठेवली की मी खेकसते.

मॅकची गळती बंद व्हायला सहा महिने लागले. काम संपल्याबरोबर आमचा प्रोग्रॅम दार लावून घ्यायचा, मागे राहिलेलं वाचायला थांबतच नव्हता. ते निस्तरलं तेव्हा मी मॅक उचलला आणि रविवारी सकाळी पार्ल्याला गेले. दार ज्योत्स्नाताईंनी उघडलं. परीक्षक बारीक झाले होते. त्यांनी चष्मा लावला आणि सगळे चाळे करून बघितले. त्यांचा चहा गार होऊन साय धरली तरी ते चालवतच होते.

"येतायत सगळ्या ओळी," शेवटी म्हणाले. "द्या गिऱ्हाइकाला."

"सर, परत या."

"नको आता."

आठवड्यातून दोनच दिवस, घरूनच काम, जायला-यायला गाडी, सगळं माझ्या तोंडाशी आलेलं होतं. पण म्हटलं, या माणसानं आयुष्यात माझ्याशी एकदाही घासाघीस केली नाही. निदान त्यांचा एक शब्द तरी आहे तसा घ्यावा. मी "बरं" म्हटलं आणि उठले.

ज्योत्स्नाताई दारापर्यंत आल्या. मी चपला घालत होते तेव्हा हळूच म्हणाल्या, "त्या दिवशी घरी आले ना, ते जेवलेच नाहीत. म्हणाले, बाई काहीच बोलल्या नाहीत गं."

मी जिन्याच्या दोन पायऱ्या उतरले आणि परत वर चढले. चपला काढल्या, आत जाऊन खुर्चीवर बसले.

"काय राहिलं, सावंतबाई?"

"घासाघीस राहिली."

मी एकेक काढत गेले. दोन दिवस. "नको." घरून. "डोळे दमतात आता." नुसतं महिन्यातून एकदा येऊन चौकटीचा कोपरा ओढून जा. त्यावर ते हसले, पण नकोच म्हणाले. अर्धा तास मी अशी मनापासून घासले, जशी कुठल्या गिऱ्हाइकाशी घासले नाही, आणि ते एका पैनंही उतरले नाहीत. मजेत होते. ज्योत्स्नाताईंनी पुन्हा चहा टाकला.

मला सोडायला ते गेटपर्यंत आले. रिक्षा समोर उभी होती तरी मी विचारलं, "सर, त्या शुक्रवारी मी असं बोलले असते तर थांबला असतात?"

त्यांनी चष्मा काढला. लगेच हो किंवा नाही म्हणून मला सोडवतील असं वाटलं होतं. ते खरोखर विचार करत राहिले.

"सांगता येत नाही," म्हणाले. "ते आपण चालवून बघितलंच नाही, सावंतबाई."