पेट्रोल महागलं आणि आई सायकल शिकली

२००८ साली पेट्रोल पुन्हा महागलं, तेव्हा आम्ही बदलापूरला बेलवलीत राहत होतो. बाबा अंबरनाथच्या कारखान्यात स्कूटरने जायचे. बातम्या बघून ते भडकले. आई मात्र म्हणाली, "बरं झालं! आता तरी लोक कोथिंबीर आणायला गाडी काढणार नाहीत. तेवढाच धूर कमी."

"बोलायला काय जातं? तू चालवून दाखव सायकल," बाबा म्हणाले.

आईने ते मनावरच घेतलं. उल्हासनगरला कॅम्प दोनच्या बाजारातून तिने जुनी लेडीज सायकल आणली. ती टेम्पोत टाकून आणावी लागली, त्यावरून बाबांनी टोमणा मारलाच. पण संध्याकाळी सीट धरून तिच्यामागे धावलेही तेच.

"ब्रेक दाब, अगं ब्रेक!" ते ओरडत राहिले आणि आई थेट शेजाऱ्यांच्या मेंदीच्या कुंपणात शिरली. आम्ही घाबरून धावलो. बघतो तर ती तिथेच बसून पोट धरून हसत होती. बाबाही धापा टाकत तिच्याशेजारी बसले आणि हसायला लागले.

दिवाळीपर्यंत आईचा सगळा बाजार सायकलवर होऊ लागला. बाबांनी स्कूटर काही सोडली नाही. पण रविवारी मटण आणायला ते आईच्या मागे कॅरियरवर बसून जायचे, गल्लीतल्या प्रत्येकाला हात करत.