आजारी : निरंक

एका आजारी मुलाचं नाव मी यादीतून खोडलं. तो आजारी आहे हे मला कळत होतं, तरी खोडलं. आज मी पंचेचाळिशी ओलांडली आहे आणि त्याच्या घराबाहेर ही गोष्ट बायकोखेरीज कुणाला सांगितलेली नाही. तिलाही अर्धीच सांगितली. इथं सगळी लिहितो.

साठचं दशक नुकतं सुरू झालं होतं. पालघरजवळच्या एका अध्यापक विद्यालयात मी प्राथमिक शिक्षक व्हायला दाखल झालो. वसतिगृहात राहणं सक्तीचं होतं. स्वयंपाकापासून संडास धुण्यापर्यंत सगळा कारभार आम्हा मुलांकडेच, आणि तो चालवायला मंत्रिमंडळ. भोजनमंत्री, सफाईमंत्री, आरोग्यमंत्री. दुसऱ्या सत्रात मी आरोग्यमंत्री झालो.

आरोग्यमंत्र्याकडे एका लाकडी कपाटाची किल्ली असे. कपाटात टिंक्चर आयोडीन, खरजेचं मलम, सोडामिंट, डोकेदुखीच्या एपीसीच्या गोळ्या आणि पोटदुखीच्या मिक्श्चरची मोठी बाटली, तिच्यावर डोसाच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवलेली. शेजारी आजाऱ्यांची खोली, तिच्यात दोन लोखंडी खाटा. दर गुरुवारी गावातले एक डॉक्टर सायकलवरून यायचे. आदल्या संध्याकाळी मंत्र्यानं आजाऱ्यांची यादी करून गृहपतींना द्यायची. यादीत नाव असेल त्यालाच डॉक्टर तपासत, आणि सकाळच्या श्रमदानातून सुटीही त्यालाच. त्यामुळे माझ्या आधीच्या मंत्र्याची यादी नेहमी लांब असायची. विहिरीवर पाळी आली की निम्म्या मुलांची पाठ दुखायला लागे. डॉक्टर वैतागले होते. गृहपतींनी मला बोलावून सांगितलं, की ते फुकट येतात, त्यांचा वेळ वाया घालवू नकोस, खरे आजारी असतील तेवढेच पाठव.

हे मी फार मनावर घेतलं. दर शनिवारी सभेत प्रत्येक मंत्री उभा राहून आपला अहवाल वाचायचा. माझ्या पहिल्या यादीत चारच नावं होती. गृहपती म्हणाले, आरोग्य खातं जागं झालं. टाळ्या झाल्या. मासवणच्या शेतकऱ्याच्या घरातला मी, माझ्यासाठी आजवर कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. पुढच्या आठवड्यात तीन नावं, मग दोन.

वसतिगृहात आम्ही एकमेकांना गावाच्या नावानं हाक मारायचो. मी मासवण. माझ्या शेजारी ज्याची वळकटी होती तो एडवण. त्याचा बाप आणि दोन्ही भाऊ होडीवर जायचे. घरात पुस्तक हातात धरलेला हा पहिलाच. त्याला मास्तर व्हायचं होतं आणि त्यात एकच अडचण त्याला वाटायची, ती म्हणजे बोलण्याची. पाठ घेताना ‘आहे’च्या जागी ‘हाय’ निघून जायचं आणि तपासणारे गुरुजी गुण कापायचे. म्हणून रोज तो माझ्या उशीला वर्ग समजून शिकवायचा. ‘हे झाड आहे. हे झाड नाही.’ मी झोपेचं सोंग घेतलं तर म्हणायचा, मागच्या बाकावरचा मुलगा झोपला हाय, त्याला उठवा. आणि मग स्वतःच जीभ चावायचा.

त्याची आई एकदा टोपली घेऊन भेटायला आली होती. आमची मेस शाकाहारी, म्हणून तिनं आणलेले सुके बोंबील आम्ही विहिरीमागं भाजून खाल्ले. सफाईमंत्र्याला वास आला, तर त्यालाही बसवून घेतलं.

त्या थंडीत एडवणचा घसा धरला. मिठाच्या गुळण्या केल्या, चार दिवसांत बरा झाला. दोन-तीन आठवडे गेले आणि एका सकाळी त्याचा गुडघा दुखायला लागला. मी एपीसी दिली. तासाभरात तो ठीक झाला, हसायला लागला. दुसऱ्या दिवशी गुडघा चांगला आणि घोटा दुखतोय. पुन्हा गोळी, पुन्हा बरा. मग कोपर. अंगात बारीक कणकण होती. बुधवारी संध्याकाळी त्यानं मला यादीत नाव घालायला सांगितलं.

“परवा गुडघा, काल घोटा, आज कोपर,” मी म्हणालो. “उद्या कुठं दुखणार ते आजच सांगून ठेव, तसं लिहितो.”

“मलाच ठाव नाय, तुला काय सांगू मंत्रीसाहेब?” तो हसून म्हणाला. पण हात त्यानं पोटाशी धरून ठेवला होता.

मी त्याच्या कोपराला हात लावला. सुजलं होतं. गरम लागलं. आत्ता पाणी भरून आलाय, त्यानं रक्त तापलं असेल, असं मी स्वतःला सांगितलं. त्याचं नाव मात्र त्याच्यासमोर लिहिलं.

तो गेल्यावर मी यादी पाहिली. त्या आठवड्यात तेवढं एकच नाव होतं. ते नसतं तर विद्यालयात प्रथमच कोरी यादी गेली असती. मी बराच वेळ बसलो होतो, त्यामुळे घाईत झालं असंही म्हणता येत नाही. त्याचं नाव खोडलं, नवा कागद घेतला आणि त्यावर वळणदार अक्षरात लिहिलं, ‘आजारी : निरंक.’ गुरुवारी डॉक्टर आलेच नाहीत. यादी कोरी आहे म्हणून गृहपतींनी त्यांना तसा निरोप पाठवला होता. एडवणला मी सांगितलं, की डॉक्टरांना काम निघालं.

शनिवारी सभेत मी अहवाल वाचला. टाळ्या पडल्या. त्यात मागून कुणीतरी ओरडलं, मग एडवणचं काय? मी तयारच होतो. म्हणालो, “त्याचं दुखणं एसटीसारखं आहे. रोज नव्या थांब्यावर उतरतं. डॉक्टरांनी कुठल्या थांब्यावर उभं राहायचं?”

सगळी सभा हसली. गृहपतीही हसले. एडवणही हसला, खाली बघत, मनगट चोळत. आपलं नाव मीच खोडलं हे त्याला तेव्हा समजलं असणार. त्यानंतर त्यानं माझ्याकडे गोळीसुद्धा मागितली नाही. पोरं त्याला ‘आज कुठला थांबा?’ म्हणून विचारायची आणि तो ‘गाडी डेपोत हाय’ म्हणून सांगायचा. रोज विहिरीवर जायचा. दोन हातांनी भरलेली बादली उचलून चार पावलांवर ठेवायची, पुन्हा उचलायची. महिन्याभरात त्याचं दुखणं आपोआप गेलं. मला वाटलं, बघा, मी म्हणत होतो तेच खरं निघालं.

पुढच्या वर्षी सहलीला गेलो तेव्हा टेकडी चढताना तो तीनदा बसला. समुद्रावरची माणसं, यांना चढ कुठला माहीत, असं कुणी तरी म्हणालं. तेही मला पटलं.

परीक्षेत तो माझ्यापेक्षा वरच्या नंबरानं पास झाला. जिल्हा परिषदा नुकत्या झाल्या होत्या, शाळा निघत होत्या, मास्तर हवे होते. नेमणुकीआधी ठाण्याच्या सरकारी दवाखान्यात शरीरप्रकृतीची तपासणी करून घ्यायची होती. आम्ही चौघं-पाच जण मिळून गेलो. माझी तपासणी झाली. पडद्यामागं मी सदरा घालत होतो, तेव्हा डॉक्टरांनी एडवणला पुढं घेतलं. छातीला नळी लावली आणि खूप वेळ काढलीच नाही. मग विचारलं, सांधे कधी सुजले होते का? एकातून दुसऱ्यात जाणारं दुखणं? ताप? तो हो म्हणाला, वसतिगृहात असताना.

“तिथं डॉक्टर नव्हते?”

“होते. दर गुरुवारी यायचे.”

“मग दाखवलं का नाहीस?”

मी गुंडी धरून तसाच उभा राहिलो.

“मीच नाय गेलो,” तो म्हणाला. “येवढं काय वाटलं नाय.”

डॉक्टर चिडले नाहीत. त्यांनी त्याला नीट समजावून सांगितलं, की तो संधिवाताचा ताप होता, तो हृदयात उतरला आणि झडप खराब झाली. तेव्हाच समजलं असतं तर सक्तीनं निजवून ठेवलं असतं, पेनिसिलिन दिलं असतं, कदाचित एवढं झालं नसतं. मग त्यांनी दाखल्यावर लिहिलं, नोकरीस अपात्र.

परतीच्या वाटेवर तो माझ्या शेजारी बसला होता. एकदाच बोलला, “आईला काय सांगू आता?” मी म्हटलं, बघू, काहीतरी होईल. त्या क्षणी त्याचे पाय धरायला हवे होते. मी पिशवीतून केळी काढली आणि सगळ्यांना वाटली.

मला बोईसरजवळच्या बेटेगावची शाळा मिळाली. तो एडवणला गेला. होडीवर जाण्याइतका दम त्याच्या छातीत राहिला नव्हता. घरी बसून जाळी विणतो, असं ऐकलं. मी त्याला पत्र लिहिलं नाही. तिकडे तारापूरला वीज केंद्राचं काम निघालं, ठिकठिकाणची माणसं आली, बोईसरच्या बाजारात हिंदी ऐकू यायला लागली. गिऱ्हाईक वाढलं म्हणून एडवण-केळव्याच्या बायकाही सुकी मासळी घेऊन आगगाडीनं बोईसरला यायच्या. त्यांच्यात त्याची आई मला एकदा दिसली. तेव्हापासून मी मासळीच्या बाजूला फिरकलो नाही. बायको विचारायची, तुम्ही मासळी का आणत नाही? मी म्हणायचो, गर्दी असते.

अशी किती वर्षं काढली ते मोजायची लाज वाटते. तारापूरचं काम उरकत आलं होतं तेव्हा तिनंच मला गाठलं, टपाल कचेरीच्या दारात, डोक्यावर टोपली.

“मास्तर, तुमी आमच्या पोराबरोबर होतात ना? मी वळकलं. येवढ्या जवळ ऱ्हाता आनि एकदा येत नाय. तो तुमचं नाव काढतो.”

मी विचारलं, कसा आहे. ती म्हणाली, बसूनच झोपतो, आडवा झाला का दम लागतो, खोकल्यातून रगत पडतं. मग टोपली उतरवून मला बोंबील द्यायला लागली. मी नको म्हणत होतो आणि ती माझ्या पिशवीत कोंबत होती.

त्यानंतर तो चारच महिने जगला. पण लगेचच्या रविवारी मी गेलो तेव्हा तो होता, आणि मला बघून त्याला खरंच आनंद झाला. अंगणात बोंबील वाळत घातले होते. ओटीवर घडी केलेल्या जाळ्याला टेकून तो बसला होता. गालांची हाडं वर आली होती, पाय सुजले होते. मी सांगून टाकलं, की केळव्याला काम होतं म्हणून सहज आलो. तो म्हणाला, सहज यायला लई वर्सं लावलीस. पोरं किती, वर्ग किती, शाळेला कौलं की पत्रा, सगळं त्यानं विचारून घेतलं. दोन शब्द बोलून थांबायचा, श्वास घ्यायचा, पुढचं विचारायचा.

मग त्यानं उशीखालून कोरा कागद काढला.

“तुझं अक्षर चांगलं हाय. एक अर्ज लिही. औषधानं सूज उतरतेय. बरा झालो का माझी परत तपासणी करा, असं लिही जिल्हा परिषदेला. वयात बसतो मी अजून.”

त्याच्या पायांची सूज उतरत नव्हती. मला ते दिसत होतं. त्याला दिसत होतं की नव्हतं, मला माहीत नाही. मी गुडघ्यावर पाटी घेऊन लिहायला बसलो. त्याची आई चहा घेऊन आली आणि दाराशी उभी राहून कौतुकानं बघायला लागली. तो अगदी शुद्ध भाषेत, एकेक शब्द जपून सांगत होता. माझे शिक्षण असे असे झाले आहे. मला अध्यापनाची आवड आहे. मी लिहीत गेलो.

“आता लिही,” तो म्हणाला, “शिकत असताना मला कोणताही आजार झाला नव्हता.”

मी थांबलो.

“लिही ना. जुनं दुखणं म्हटलं का घेत नाय. तुझं काय जातंय?”

ठाण्यानंतर दुसऱ्यांदा तो माझी चूक झाकत होता. मनातल्या मनात कितीदा तरी घोळवून ठेवलेली वाक्यं होती, त्यातलं एकही आठवेना. मी पाटी खाली ठेवली.

“तू आजारी होतास,” मी म्हणालो. “तू खरं सांगत होतास आणि मला ते कळत होतं. कोरी यादी वाचून दाखवायची होती म्हणून मी तुझं नाव खोडलं, आणि वर सगळ्यांना तुझ्यावर हसवलं. ठाण्याला तू डॉक्टरांशी खोटं बोललास ते मी ऐकलं, आणि गप्प राहिलो. मास्तर तू व्हायचास. ते मी घालवलं.” मग मी दाराकडे वळलो, कारण तिलाही ते कळायलाच हवं होतं. “आई, याला डॉक्टरांकडे मी जाऊ दिलं नाही. ज्याला तुम्ही याचा दोस्त समजता, त्यानं. माझं चुकलं. तुम्ही दोघांनी मला माफ करा.”