पंगतीच्या उंचीचा माणूस

धारूरच्या आमच्या सप्ताहात त्याला दरवर्षी सगळ्यांआधी जेवायला बसवत, एकट्याला, कोपऱ्यात. पोलिओने पाय गेलेले. चाकांच्या फळीवर बसून तो हातांनी जमीन रेटत यायचा. आधी हसायचा, मग टोमणा मारायचा.

यंदा त्याने ताट सरकवलं. "लई वर्षं जेवलो. आज मी वाढणार."

"सांडंल रे," मी म्हणालो.

"मग रांगा जरा लांब-लांब बसवा, माझी फळी जाईल एवढ्या."

बसवल्या. मांडीत बुंदीची परात घेऊन तो निघाला. आम्ही वाकून वाढतो. लोक वर न बघताच पानावर हात आडवा धरतात. हा बसलेल्यांच्या डोळ्यांत बघून विचारायचा, "का म्हून न्हाई?" हात आपोआप बाजूला व्हायचे.

दुसऱ्या पंगतीला मी परात घेऊन पुढे झालो. पहिल्याच पानावरचा म्हातारा म्हणाला, "थांब. त्याला येऊ दे."