उसनी तीन पानं

ब्रेलच्या छापखान्यात त्यांना सगळे नुसतं ‘बाई’ म्हणत. साध्या मजकुराचं ब्रेलच्या ठिपक्यांत रूपांतर करणारा प्रोग्रॅम बाईंनी चुकतमाकत शिकून स्वतः लिहिला होता. विकतचा परवडत नाही म्हणून अंध मुलांच्या शाळा पुस्तकांवाचून अडून राहायच्या, ते बाईंना बघवेना. त्यांनी आपला प्रोग्रॅम नेटवर टाकला. ज्याला हवा त्याने न्यावा. सहा वर्षांत चाळीस शाळांनी नेला.

मग एक दिवस नोटीस आली. विकतचा प्रोग्रॅम बनवणाऱ्या कंपनीचा वकील म्हणत होता, यात आमचा कोड आहे.

“साफ खोटं आहे म्हणून कळवून टाका,” काका म्हणाले. काका छापखान्याचे मुद्रितशोधक, जन्मांध. छापलेलं प्रत्येक पान त्यांच्या बोटांखालून जाई.

“खोटं नाहीये, काका. ओळीच्या शेवटी शब्द कुठे तोडायचा ते मला काही केल्या जमेना, तेव्हा नेटवर कुणीतरी टाकलेली त्यांच्या कोडची तीन पानं उचलली. नंतर बदलू, नंतर बदलू म्हणत राहूनच गेलं.”

सारवासारव बाईंनी केली नाही. त्याच दुपारी प्रोग्रॅम नेटवरून काढला. चाळीसही शाळांना आपली चूक कळवून वापर थांबवायला सांगितलं. एका मुख्याध्यापकांनी फोनवर चांगलंच फैलावर घेतलं. मग बाईंनी वकिलाला लिहिलं, ‘तीन पानं तुमची, बाकी माझं. तेवढी नव्याने लिहून दाखवते.’

पण ती पानं बाईंच्या डोक्यात इतकी पक्की बसलेली, की लिहायला घेतलं तर हातून तीच उतरली असती. ती कधीच न पाहिलेलं माणूस हवं होतं. बाईंची सून घरून प्रोग्रॅमिंगची कामं करायची.

“लिहीन मी,” सून म्हणाली, “पण आई, एक अट. माझ्या स्क्रीनकडे फिरकायचं नाही. सल्ला नाही, सूचना नाही.”

मुलगा हसला. “सुनेच्या कामात डोकवायचं नाही? हे आईला जन्मात जमायचं नाही.”

“जमवेन,” बाई म्हणाल्या.

रोज संध्याकाळी काका फोनवरून शब्द तोडायचे नियम सांगत, सून लिहून घेई. बाई पलीकडच्या खोलीत. सून अडली की उत्तर अगदी जिभेवर यायचं. मग बाई उठून घासलेलीच भांडी पुन्हा घासायला घेत. असे पाच महिने. छापून आलेली पानं काकांनी पाच वेळा परत पाठवली आणि सहाव्यांदा म्हणाले, “आता बोटाला कुठे खुपत नाही.” कंपनीच्या वकिलानेही नवा कोड तपासून आक्षेप नसल्याचं लेखी दिलं.

प्रोग्रॅम पुन्हा नेटवर गेला, तो या वेळी परवान्यासकट. कुणीही वापरा, बदला, वाटा. मात्र बदललेला पुढे द्याल तेव्हा त्याचा कोडही असाच मोकळा द्या. लेखकांत सुनेचं नाव, काकांचं नाव, आणि खाली उचललेल्या पानांची हकिगत.

“ती कशाला, आई?” सुनेने विचारलं.

“घडलंय म्हणून.”

आठवडाभरात सत्तावीस शाळा परतल्या. राहिलेल्या तेरांची यादी समोर घेऊन बाईंनी पहिला नंबर फिरवला.