बेचाळीस नंबरचा टायर

वडनेरच्या अकरा घरांचं दूध सकाळी सातच्या आत हिंगणघाटच्या डेअरीत पोचवायचं काम सुलोचनाने चार वर्षांपूर्वी अंगावर घेतलं. नवरा धनंजय म्हशी आणि शेत बघायचा. मोटारसायकल ती छत्तिसाव्या वर्षी शिकली, दोनदा पडून. पहिल्या महिन्यात लोक ओट्यावर उभे राहून पाहायचे, मग त्यांनाही सवय झाली.

यंदा मार्चमध्ये मागचा टायर गुळगुळीत झाला, म्हणून तिने शहरातल्या एका दुकानातून नवा बसवून घेतला. बाराव्या दिवशी हायवेवर तो फाटला. चाळीस-चाळीस लिटरच्या दोन भरल्या कॅन मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना लटकलेल्या, गाडी सापासारखी वळवळायला लागली. सुलोचनाने ब्रेक दाबला नाही. हँडल घट्ट धरून तिने गाडी कडेच्या मुरमात नेली आणि तिथे ती आडवी झाली. मागचा ट्रक हॉर्न वाजवत बाजूने निघून गेला. कोपर सोललं, दूध सगळं मुरमात जिरलं. ती उठली आणि तिने आधी डेअरीत फोन केला, की आज दूध येत नाही.

पंक्चर काढणारे रूपराव आले. त्यांनी चाक फिरवून बोटांनी चाचपलं.

"खिळा नाई, काच नाई. बाजूची भिंतच फाटली," ते म्हणाले. "हे पाह्य. साइज बरोबर हाय. पण त्याच्यापुढं काय लिवलं?"

"बेचाळीस. आन् इंग्रजी पी."

"हा पुढच्या चाकाचा टायर हाय, माय. मागं निदान अठ्ठेचाळीसचा लागते. साइज सारखी, म्हणून चढून जाते."

"बेचाळीस म्हंजे किती?"

"दीडशे किलो. अठ्ठेचाळीस म्हंजे एकशे ऐंशी. त्याचा तक्ता राहते. आन् पी म्हंजे ताशी दीडशेपर्यंत चालते."

"मंग माह्या चाकावर किती वजन पडते?"

ते रूपरावांना माहीत नव्हतं. कोणालाच माहीत नव्हतं, आणि सुलोचनाला आता त्याशिवाय चैन पडेना.

दुसऱ्या दिवशी तिने जुनाच टायर चढवला, कॅन पाण्याने भरल्या आणि गाडी धान्याचे व्यापारी पुंडलिकराव यांच्या दुकानी नेली. मागचं चाक त्यांच्या काट्यावर, पुढचं तेवढ्याच उंचीच्या विटांवर. धनंजयने हँडल धरलं, ती वर बसली, पाय उचलले.

"एकशे शहाऐंशी," पुंडलिकराव म्हणाले.

"दूध पाण्यापेक्षा जड राहते. दोन किलो वाढवा."

म्हणजे एकशे अठ्ठ्याऐंशी. अठ्ठेचाळीसचाही पुरत नव्हता. चार वर्षं टायरने निमूट सोसलं होतं.

घरी येऊन तिने पेटीतून गाडीचं पुस्तक काढलं. माणूस आणि सामान मिळून एकशे तीस किलो, असं त्यात छापलेलं. तिचं स्वतःचं वजन छप्पन, दूध आणि कॅन मिळून चौऱ्याण्णव. बेरीज दीडशे झाली.

"दुकानदाराची चूक तर हायच," ती धनंजयला म्हणाली. "पण वरचे वीस किलो माहे हाय."

"मंग दोन-तीन घरं सोडून दे."

"घरं काऊन सोडू? कॅन लहान घेते. उरलं ते दुसऱ्या चकरीत नेईन."

त्याच दुपारी रूपरावांकडच्या तक्त्यात नंबर पाहून ती फाटका टायर घेऊन शहरातल्या त्या दुकानात गेली. दुकानदाराने पाहिल्या पाहिल्या दुसरा काढला. "हा घ्या ताई, एसवाला. ताशी एकशे ऐंशीनं पळते."

सुलोचनाने अक्षराच्या आधीचा आकडा वाचला. सत्तेचाळीस.

"मले पळवाचं नाई, भाऊ, वाहाचं हाय. चोपन्नचा दाखवा. दोनशे बारा किलोवाला."

"एवढे नंबर कोणी पाहत नाई."

"मी पाहून राह्यली." तिने फाटका टायर काउंटरवर ठेवला आणि बेचाळीसवर बोट टेकवलं. "हा तुम्ही मागच्या चाकाले चढवला. मी ट्रकच्या पुढं पडली."

बाकीची गिऱ्हाइकं पुढे सरकून पाहू लागली. दुकानदाराने बोटाखालचा आकडा पाहिला, त्याचा चेहरा उतरला. तो स्वतः गोदामात गेला आणि चोपन्न पी लिहिलेला टायर घेऊन आला. रिमला बसतो का, ते सुलोचनाने तिथूनच फोन करून रूपरावांना विचारलं, आणि मगच हो म्हटलं. फाटक्याच्या बदल्यात त्याने तो दिला.

आता तीस-तीसच्या कॅन आल्या. पण दुसऱ्या फेरीचं दूध सातनंतरच पोचणार, आणि सातनंतर डेअरी दूध घेत नव्हती. सुलोचना सलग चार दिवस तिथल्या मॅनेजरसमोर जाऊन उभी राहिली. त्याने नियम सांगितला, तिने हायवेवर काय झालं ते सांगितलं. पाचव्या दिवशी त्याने तिच्याकरता साडेआठची वेळ लिहून दिली.

गावातले दुसरे दूधवाले हसले, की ही बाई एका कामाले दोनदा जाते. सव्वासातला डेअरीतून रिकाम्या कॅन उचलायच्या आणि परत वडनेरच्या दिशेने गाडी वळवायची, असा सुलोचनाचा रोजचा नेम झाला.