जागा बदलणारा गोळा

जांभळ्या औषधाचा डाग बोटाला लागला, की पन्नास सालच्या सुमाराची कोल्हापुरातली एक सकाळ मला आठवते. बावड्याच्या एका शेतकरीण बाईच्या पोटात नारळाएवढा गोळा होता. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी मी, नवाकोरा डॉक्टर, त्यावर ऐटीत जांभळं वर्तुळ काढलं. सकाळी मोठ्या डॉक्टरांसमोर तिथं दाबलं, तर हाताखाली काहीच नाही. बाई शांतपणे म्हणाली, "फिरतंय ते. आता डाव्या कुशीला हाय बघा." नवऱ्यानं बोचकं उचललं. "चल घरला. करणीच हाय ही, देवरुषी बघंल." मोठ्या डॉक्टरांनी त्याला अडवलं आणि गोळा बोटांनी इकडून तिकडं सरकवत ते म्हणाले, "पावणं, आतड्याच्या पडद्यातली पाण्याची पिशवी हाय ही, म्हणून हलती. काढली की बाई बरी." मग माझ्याकडं वळून, "तुम्ही पुढच्या वेळी वर्तुळाऐवजी दावं बांधा." पिशवी अख्खी निघाली. ट्रेमध्येही ती थरथरत होती, आणि मी नकळत मागं सरकलो. टाके काढताना मी बाईला विचारलं, "आता बरं हाय न्हवं?" "व्हय," ती म्हणाली, "पर रातचं लई एकटं वाटतंय." तेव्हा मी हसलो होतो. हल्ली मात्र रिकाम्या घरात दिवा मालवला, की स्वतःचं पोट एकदा चाचपून घेतो.