माईच्या घरचं रेड कार्पेट

श्रीपादने त्या दुपारी जे केलं त्याला त्याच्या बायकोने, कृतिकाने, पुढे 'कांड' असं नाव दिलं. मराठीत इतका नेमका शब्द सापडत नाही, म्हणून तो देवासच्या हिंदीकडेच राहू द्यावा. त्याने केलं एवढंच. मावशीच्या ट्रंकेतून एक कोरी लाल महेश्वरी साडी काढली, तिची घडी मोडली आणि आतल्या खोलीपासून बाहेरच्या दारापर्यंत गाद्या टाकून त्यांवर ती अंथरली. त्याला रेड कार्पेट हवं होतं. मंडपवाल्याने हात वर केले होते, "भिया, लाल वाला तो शादी में गया, हरा ले जाओ." आता हिरव्या कार्पेटवर कुठली नटी चालते?

मावशी म्हणजे सुभद्रामाई. शाळेत शिवण शिकवून निवृत्त झालेली आणि आईवेगळ्या श्रीपादला लहानाचा मोठा केलेली. परदेशात सिनेमाचा उत्सव असो की मुंबईत बक्षिसं वाटणं असो, गल्लीतल्या बायका संध्याकाळी तिच्या टीव्हीसमोर जमायच्या आणि माई निकाल द्यायची. हिट किंवा मिस. अपील नाही. तिची रीतही न्यारी. नटी पडद्यावर आली की ती डोळ्यांसमोर तळहात आडवा धरायची. चेहरा, दागिने, गळा कुठवर उतरलाय ते, सगळं झाकलं जायचं; उरायचा खालचा घेर आणि पावलं.

"चेहऱ्याला शिकवता येतं रे," ती म्हणायची. "पावलाला कोण शिकवणार?"

एकदा एक नटी झग्यात पाय अडकून सगळ्या जगासमोर आपटली. बायका खदखदून हसल्या. माई म्हणाली, "हिट." दुसऱ्या एका सोनेरी झग्यावर सगळ्या लट्टू झाल्या, तेव्हा मात्र तिचा हात हळूच खाली आला. "मिस. याची घडी हिने मोडलेली नाही. चालतेय ही, पण झोक भलत्याच बाईचा आहे." सकाळी बातमी आली की झगा एका दिवंगत नटीचा होता, एका रात्रीपुरता मागून आणलेला. त्यानंतर शेजारची अंकिता माईकडे यायचं असलं की आपली ओढणी पहिल्यापासून आपलीच आहे ना, हे आईला विचारून यायची.

आज बायकांनाच चालवायचं आणि माईला निकाल द्यायला लावायचा, असा श्रीपादचा बेत होता. माई भाजीला गेली होती. दाराला आतून कडी होती. साडीच्या कडा नीट करून तो स्वयंपाकघरात चहा टाकायला गेला, तेवढ्यात कृतिका तयार होऊन माडीवरून उतरली आणि शेवटच्या पायरीवरच थबकली.

"अरे, ये क्या कर दिया! ही ताईमावशीची साडी आहे!"

ताईमावशी म्हणजे धारची, माईची थोरली बहीण. लहानपणीच्या तापाने तिचा डावा पाय गेला होता. तो ओढत चार माणसांत चालायचं म्हटलं की तिला घाम फुटायचा. माईच्या लग्नासाठी ही साडी तिच्याकरता आणली होती, पण ती दिवसभर आतल्या खोलीत बसून राहिली. "पुढच्या कार्याला नेसेन," म्हणाली. पुढचं कार्य यायच्या आधीच ती वारली. माईने साडी ट्रंकेत ठेवली ती शब्द देऊन: ताईची आहे, घडी ताईच मोडेल.

"कृतिका, मला साडी ठाऊक नव्हती गं, गोष्ट ठाऊक होती," श्रीपाद म्हणाला. "इतकी वर्षं तिने शब्द पाळला, आणि मी गंमत म्हणून..."

"बोलू नको, पहले उठा!"

दोघं वाकली आणि वाकलेलीच राहिली.

"तू चाललीस यावरून?"

"मी तर अजून पायरीवर आहे. तू?"

श्रीपादने साडी कडेने, लादीवर उभं राहून अंथरली होती. गाद्या मऊ होत्या. साडीच्या मधोमध उजव्या पावलाचे खोल ठसे होते आणि त्यांच्या बाजूने डावीकडे एक लांब ओढलेली रेघ. आतल्या खोलीतून निघून, आरशापाशी थोडं थांबून, ते ठसे थेट दारापर्यंत आले होते. घरभर लवंगेचा वास होता. दाढेत लवंग नसलेली ताईमावशी कुणी पाहिली नव्हती. चहात तर श्रीपादने आलं घातलं होतं.

कडी वाजली. श्रीपादने दार उघडलं. उंबऱ्याबाहेर माई, हातात गिलक्यांची पिशवी. तिने साडी पाहिली. पिशवी खाली ठेवली, डोळ्यांसमोर तळहात आडवा धरला आणि आतल्या खोलीपासून आपल्या पायांपर्यंत सावकाश पाहत आली. कुणी चालत येत असावं आणि नजर त्याच्याबरोबर यावी, तशी.

"हिट," ती म्हणाली. मग पदराने नाक पुसलं आणि साडीवर पाय न देता, कडेकडेने आत आली.

चहा उतू जात होता. शेवटी श्रीपादने धीर गोळा केला.

"माई, चुकलं माझं. आता उचलून ठेवू का गं साडी?"

"आणि मग ताई परत कशावरून चालत जाईल?"